राजाबाई टॉवरचं घड्याळ : सूर लंडनचे, वेळ मुंबईची

ओव्हल मैदानाच्या कट्ट्यावर बसलं की दर पंधरा मिनिटांनी राजाबाई टॉवरच्या घंटा ऐकू येतात. क्रिकेट खेळणारी पोरं मान वर करत नाहीत, इतका तो आवाज अंगवळणी पडलाय. पण हे घड्याळ नुसते टोले द्यायला बसवलेलं नव्हतं. ते गाण्यासाठी मागवलं होतं.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या मुंबईच्या कापसावर येऊन पडल्या. शहरात पैशाचा पूर आला. त्या पुरात सगळ्यांच्या पुढे होते दलाल प्रेमचंद रायचंद. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्यात मोठं घड्याळ आणि घंटांचा संच असावा आणि त्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं, नाव द्यावं, ही त्यांची इच्छा. राजाबाई अंध होत्या, जैन असल्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवायच्या, त्यांना वेळ कळावी म्हणून हा टॉवर बांधला, असं सांगतात. गोष्ट गोड आहे. पण पाया १८६९ मध्ये घातला गेला आणि बांधकाम १८७८ मध्ये संपलं. आईच्या जेवणाच्या वेळेसाठी हे जरा लांबलंच म्हणायचं.

मधल्या काळात युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदांचंही दिवाळं वाजलं. देणगी मात्र देऊन झाली होती. एकूण खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला.

आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. सेंट पँक्रस स्टेशनाचं भव्य हॉटेल त्यांचंच. हे गृहस्थ मुंबईला कधी आले नाहीत. नकाशे तिकडून आले आणि इमारत इथल्या दगडात, इथल्या हातांनी उभी राहिली. उंची २८० फूट, खाली चौकोनी, वर जाता जाता अष्टकोनी. लोक बिग बेनची नक्कल म्हणतात, पण घाट व्हेनिसच्या गॉथिकचा, म्हणजे तिथल्या टोकदार कमानींच्या जुन्या शैलीचा, जास्त आहे. वरच्या अंगाला पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत, ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. नीट पाहायचे तर दुर्बीण हवी.

घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉकली यांचं. ते मनोऱ्यानंतर काही वर्षांनी सुरू झालं. सोळा घंटा, सोळा चाली. अशा घड्याळात सुरांसाठी एक जाड रूळ असतो, त्याच्या अंगावर खुंट्या ठोकलेल्या असतात. रूळ फिरला की खुंटी तरफ उचलते, तरफ सुटते, तार ओढली जाते आणि वर घंटेवर हातोडा पडतो. किल्लीच्या वाजणाऱ्या पेटीचंच हे राक्षसी रूप. कुठली खुंटी कुठे बसवायची यातच गाणं आलं. दिवसातून चारदा चाल बदलायची. ‘रूल ब्रिटानिया’, ‘गॉड सेव्ह द किंग’, ‘होम, स्वीट होम’ आणि हँडेलची एक रचना. फोर्टातल्या साहेबाला घरची आठवण यावी अशी ही निवड. बाकीच्या मुंबईकरांना विचारलंय कोण!

वेळेच्या बाबतीत मात्र मुंबईने साहेबाचं ऐकलं नाही. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ लागू केली, म्हणजे मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढची. व्यापारी आणि वर्तमानपत्रं खवळली. १८८३ मध्ये भांडण या घड्याळापाशी आलं. रात्री तबकडी उजळायचा खर्च सरकार देणार, पण काटे मद्रासच्या वेळेवर असतील तरच. विद्यापीठाच्या सिनेटने मुंबईची वेळ धरून ठेवली आणि शेवटी सरकारलाच मद्रास वेळेचा नाद सोडावा लागला. पुढे १९०६ मध्ये देशभर प्रमाणवेळ आली, तरी नगरपालिकेने मुंबई टाइम सोडायला नकार दिला. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं शहरात दोन वेळा नांदत होत्या. कुणाला भेटायचं ठरवलं की आधी विचारावं लागे, कुठली वेळ?

वरून उडी घेऊन जीव देण्याचे प्रकार झाल्यामुळे जिना लोकांना बंद झाला. २०१३ ते २०१५ या काळात टाटा कन्सल्टन्सीच्या पैशातून डागडुजी झाली; दगड धुतले गेले, रंगीत काचा दुरुस्त झाल्या. सोळातली एकच चाल आता वाजते. काटे भारतीय प्रमाणवेळ दाखवतात, म्हणजे सिनेट ज्या वेळेसाठी भांडली तिच्यापेक्षा ३९ मिनिटं पुढे.