जन आरोग्य योजना आणि धर्मादाय खाट: एक नकार दोन्हींचा नसतो

शिरपूर, यावल किंवा धडगावकडून रुग्णाला घेऊन आलेल्या नातेवाइकांना ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात ‘आजार योजनेत बसत नाही’ असे सांगितले, की मोफत उपचारांची वाट संपली असे समजून ते दागिने मोडायच्या तयारीला लागतात. वास्तविक त्याच इमारतीत दोन वेगळ्या सोयी असू शकतात आणि एकीत न बसणारा रुग्ण दुसरीला पात्र ठरू शकतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना शासनाची आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २०१२ मध्ये ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यांत आपला धुळे जिल्हा होता. २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. उपचारांची यादी ठरलेली असते, योजनेत सामील झालेल्या सरकारी वा खासगी रुग्णालयातच त्यांचा लाभ मिळतो आणि खर्च योजनेतून भागवला जातो. तेथे भेटायचे ते योजनेतर्फे रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला.

धर्मादाय खाटेचे मूळ निराळे आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णांच्या बिलांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. येथे आजारांची यादी नसते, पाहिले जाते ते उत्पन्न, म्हणून तहसीलदारांचा दाखला किंवा पिवळे रेशनकार्ड लागते. (‘धर्मादाय’ या शब्दामुळे ही दया वाटते आणि माणूस हात जोडून उभा राहतो, पण ही कायद्याने घातलेली जबाबदारी आहे.) दुर्बल घटकातल्या रुग्णाला मात्र औषधांचा काही भार उचलावा लागतो, हे आधीच विचारून घ्यावे.

म्हणून जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर नकार मिळाल्यास तेथूनच परत न फिरता रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे राखीव खाटेची चौकशी करावी. रुग्ण अत्यवस्थ असेल तर अनामत रकमेसाठी न थांबता त्याला दाखल करून घेणे धर्मादाय रुग्णालयावर बंधनकारक आहे, आणि तसे न झाल्यास तक्रार आरोग्यमित्राकडे नव्हे, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करायची असते.