सिम्युलेशनमधला मुका ऑसिलेटर

विश्रामबागेतल्या खोलीवर रात्री साडेअकराला पुतण्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "काका, सर्किट शंभरदा तपासलं. वेव्हच येत नाही." स्क्रीनवर शून्य व्होल्टची आडवी हिरवी रेघ. ७४१ ऑपअँप (सिग्नल मोठा करणारी चिप), १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, १६ नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर, म्हणजे साधारण १ किलोहर्ट्झ. जोडणीत चूक नव्हती. वीन ब्रिज ऑसिलेटरच तो, स्वतःहून सतत वेव्ह काढणारं सर्किट, पण मुका.

माक्स वीनने १८९१ मध्ये हा ब्रिज, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरची ही जुळणी, मांडला तो कपॅसिटर मोजण्यासाठी. ॲम्प्लिफायर तेव्हा नव्हताच, त्यामुळे ऑसिलेटरचा प्रश्नही नव्हता. ब्रिज एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला सिग्नलचा बरोबर एक तृतीयांश भाग परत देतो, तोही फेज न बदलता, म्हणजे चढउतार मागेपुढे न करता. म्हणजे ॲम्प्लिफायरचा गेन, सिग्नल जितक्या पट होतो तो आकडा, ३ हवा. कमी असेल तर वेव्ह विझते, जास्त असेल तर फुगत जाऊन सप्लायला डोकं आपटते.

या पेचातून वाट काढली बिल ह्यूलेटने, १९३९ मध्ये, स्टॅनफर्डच्या प्रबंधात. त्याने फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुट परत इनपुटकडे नेणाऱ्या वाटेत, चक्क एक छोटा दिवा बसवला. वेव्ह वाढली की फिलामेंट तापते, त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि गेन आपोआप खाली येतो. एवढ्याशा युक्तीवर ह्यूलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादन उभं राहिलं. त्याचीच सुधारित आवृत्ती डिस्नेच्या स्टुडिओने घेतली, आठ नग. १९६८ मध्ये ७४१ आला आणि व्हॅक्यूम ट्यूबच्या जागी आठ पायांचा किडा बसला.

यात वेव्हची सुरुवात कशी होते याची फिकीर कुणाला करावी लागली नाही. खऱ्या रेझिस्टरमध्ये नॉइज असतोच, सप्लाय चालू करताना धक्काही बसतो.

१९७३ मध्ये बर्कलेहून स्पाइस हा सर्किट सिम्युलेटर आला आणि इथेच मेख बसली. सिम्युलेटर आधी डीसी स्थिती, म्हणजे काहीच बदलत नसतानाचे व्होल्टेज, काढतो, कपॅसिटर उघडे धरून. उत्तर येतं शून्य. मग वेळेनुसार हिशेब करताना तो स्वतःहून नॉइज घालत नाही. शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच! आमच्या मिरजेत उत्तम जुळवलेला तंबोराही छेडल्याशिवाय बोलत नाही, तशातली गत.

एका कपॅसिटरवर सुरुवातीचा ०.१ व्होल्ट ठेवला. रेघ हलली, पण वाढेना. गेन ठरवणारे दोन रेझिस्टर पोराने पुस्तकाबरहुकूम २० आणि १० किलो घेतले होते, गेन नेमका ३. वीसचे बावीस केले, गेन ३.२ झाला. काही मिलिसेकंदांत वेव्ह उभी राहिली, पण शेंडे कापलेली. टाइमस्टेप, म्हणजे हिशेबाच्या दोन क्षणांमधलं अंतर, १० मायक्रोसेकंदांवर आणला तेव्हा तिच्या कडाही गुळगुळीत झाल्या. कापलेले शेंडे मात्र तसेच.

मग बावीसच्या जागी १८ आणि ३.९ किलो एकापुढे एक लावून, ३.९ वर दोन डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारे) उलटसुलट टाकले; वेव्ह मोठी झाली की ते ३.९ ला बगल देतात आणि गेन उतरतो. शेंडे गोल झाले. तरी दिव्याची सर त्यांना नाही: फिलामेंट सावकाश तापतं-निवतं, त्यामुळे एका सायकलच्या आत गेन हलत नाही. डायोड मात्र प्रत्येक शेंड्याला थोडी चिमट घेतातच.