कुठला रिंग रोड? पुण्यातल्या दोन रिंग रोडचा घोळ

भोरकडे एका लग्नात जेवायला बसलो होतो. शेजारचे काका म्हणाले, "रिंग रोड आमच्या वावरातनं जातोय, चांगले पैसे मिळणारेत." समोर बसलेले लोहगावकडचे पाहुणे लगेच म्हणाले, आमच्याकडनं पण जातोय पण पैशाचं कोण बोलतंय, प्लॉट देणार म्हणतायत, आणि मग जिलेबी संपेपर्यंत दोघं एकमेकांना खोटं पाडत बसले. दोघंही खरंच बोलत होते, फक्त रस्ते दोन वेगळे होते.

पुण्याभोवती सरकारचे दोन रिंग रोड आहेत. बाहेरचा एमएसआरडीसीचा म्हणजे रस्ते विकास महामंडळाचा, साधारण १७० किमी लांब आणि ११० मीटर रुंद. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरच्या उर्से गावातून निघून तो पश्चिमेकडनं सातारा रोडवरच्या वरवे गावाकडं येतो, आणि पूर्वेकडनं सोलू, सोरतापवाडी करत शेवटी वरवेलाच. आतला पीएमआरडीएचा म्हणजे पुणे महानगर विकास प्राधिकरणाचा, आता साधारण ८३ किमी आणि ६५ मीटर रुंद. (तिसरा तो एचसीएमटीआर नावाचा नियोजित रस्ता, १९८७ च्या डीपीतला म्हणजे विकास आराखड्यातला, पार शहराच्या आत, त्याला पण लोक रिंग रोडच म्हणतात, पण त्यात आज शिरत नाही नाहीतर रात्र होईल.)

दोन का, तर मालक दोन. आतल्या रस्त्याची रेष जुनी आहे, १९९७ च्या प्रादेशिक योजनेतली, आणि २०१५ ला पीएमआरडीए झाल्यावर ती त्यांच्याकडं आली. त्यांचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. एमएसआरडीसी वेगळ्या मंत्र्याच्या खात्याखाली, त्यामुळं दोन ऑफिसांनी आपापल्या टेबलावर दोन वर्तुळं काढली. नंतर कळलं की पूर्वेला बराच भाग एकमेकांवरच येतोय. आतला रस्ता आधी १२८ किमी होता, तो कमी व्हायचं एक मोठं कारण हेच.

आता वाद. वरवर एकच वाटतो, "रिंग रोडला विरोध", पण बारकाईनं बघितलं तर भांडण वेगळं आहे. बाहेरच्या रस्त्यात भांडण रेषेचं. रेष नवी, जमीन बागायती, त्यामुळं विहीर वाचवा, घर वाचवा, गावठाणाला वळसा द्या, आणि अमक्याच्या जमिनीजवळ आल्यावरच आखणी कशी काय वळली हा प्रत्येक सभेत ठरलेला प्रश्न. आतल्या रस्त्यात रेषेवर कोणी फार भांडत नाही कारण ती इतकी वर्षं नकाशावर पडून आहे आणि आजूबाजूला सोसायट्या, गोडाऊन सगळं उभं राहिलंय, रेष सरकवली तर दुसऱ्या कोणाच्या तरी बिल्डिंगमधनं जाणार. तिथं भांडण रुंदीचं.

आतला रस्ताही आधी ११० मीटरचाच होता, त्याचे ६५ केले हे ऐकायला साधं वाटतं पण हिशोब करून बघा: ४५ मीटर कमी म्हणजे दर किलोमीटरला साडेचार हेक्टर, म्हणजे जवळजवळ ११ एकर मोकळे. पुण्याच्या कडेला ११ एकर! पुढारी सभेत सांगतात शेतकऱ्याची जमीन वाचवली, आणि ते खोटं नाहीच, पण ती जमीन सुटली तेव्हा ती शेतकऱ्याकडंच होती की आधीच साठेखत (विक्रीचा करार) करून कोणी घेऊन ठेवलेली, हे त्या सभेत कोणी विचारत नाही. मला तरी हाच खरा प्रश्न वाटतो.

मोबदल्यात पण फरक. बाहेरच्या रस्त्याची जमीन महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५ खाली थेट घेतात, मोजणी होते, दर ठरतो, संमतीनं दिली तर २५ टक्के जास्त. आतल्यात पीएमआरडीएचा जोर टीपी स्कीमवर, म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते वगैरेसाठी निम्म्यापर्यंत काढून घ्यायची आणि उरलेला आखीव प्लॉट परत, काही ठिकाणी एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात जादा बांधकामाचा हक्क. ज्याला पोरीचं लग्न करायचंय त्याला पैसे बरे वाटतात आणि ज्याला दहा वर्षं थांबायची ताकद आहे त्याला प्लॉट, म्हणून एकाच गावात दोन मतं असतात, त्यात लगेच राजकारण शोधायला नको.

त्यात आणखी गोंधळ डीपीचा. २०२१ मध्ये पीएमआरडीएनं प्रारूप विकास आराखडा काढला, हरकतींचा ढीग पडला, आणि २०२५ मध्ये सरकारनं तो आराखडाच रद्द केला. बऱ्याच जणांना वाटलं चला, रिंग रोड पण गेला. तसं नाही, रेष जुन्या प्रादेशिक योजनेतली आहे आणि बाहेरच्या रस्त्याचा तर त्या आराखड्यावर आधारच नव्हता.

म्हणून कोणी "रिंग रोड टच प्लॉट" म्हणून फोन केला तर आधी विचारा ११० चा की ६५ चा. बाहेरच्याला वाटेल तिथनं गाडी चढवता येणार नाही, ठरलेल्या इंटरचेंजवरच म्हणजे चढ-उताराच्या जागीच, त्यामुळं टच असून नुसतं कुंपण बघत बसायचं.

लग्नात शेवटी काकांनी पिशवीतनं नोटीस काढली. वरतीच लिहिलेलं, महामार्ग अधिनियम १९५५. लोहगावचे पाहुणे वाचून गप्प बसले, मग म्हणाले, "आमच्याकडं अजून कागदच आलेला नाही."