बोटावरचे 98 आणि छातीवरचे 32

"सिस्टर, ऑक्सिजन 98 दाखवतोय, मग आईला एवढी धाप कसली?" गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका मुलाने रात्री कॅज्युअल्टीत विचारले. कोरोनापासून ऑक्सिमीटर घरोघरी आला आणि नातेवाईक त्या आकड्यावर विसंबू लागले. आकडा खोटा नव्हता. पण तो एवढेच सांगतो की रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती जणांनी ऑक्सिजन उचलला आहे. श्वास का वाढला, हे त्याला विचारून उपयोग नाही.

मी बाईंचे मनगट धरले. नाडी बघतेय असे वाटावे म्हणून. श्वास मोजताहेत हे कळले की माणूस नकळत तो बदलतो. डोळे पोटावर, पूर्ण एक मिनिट: 32. निरोगी प्रौढाचे साधारण 12 ते 20 असतात. श्वास भरभर होता आणि खोलही, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. बाई मधुमेही; ताप आणि उलट्या, जेवण नाही, म्हणून इन्सुलिन तीन दिवस बंद. मिठा-मिरच्यांनी दिष्ट काढून झाली होती. त्यामागची माया मला कळते, पण दिष्टीत गेलेला दिवस इन्सुलिनला मिळायला हवा होता.

असा श्वास जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी 1874 मध्ये मधुमेहींमध्ये नोंदवला. इन्सुलिन नसले की शरीर चरबी जाळते, त्यातून कीटोन आम्ले साठतात. रक्तातले बायकार्बोनेट त्यांना शमवते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. मुलाला मी लिंबू-सोड्याचे उदाहरण दिले: खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले की फेस येतो, तोच वायू. मेंदूच्या देठाला रक्ताचे आंबटपण कळते आणि तो फुफ्फुसांना म्हणतो, वायू बाहेर टाका.

यातला हिशेब मला फार आवडतो. रक्ताचा पीएच (आंबटपणाचे माप, आकडा कमी तर रक्त जास्त आंबट) बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावर ठरतो, एरवी 20 ला 1. बायकार्बोनेट 24 वरून 12 वर आले आणि वायूचा दाब 40 वरच राहिला (म्हणजे विरघळलेला वायू 1.2), तर गुणोत्तर 10 आणि पीएच 7.4 वरून 7.1. तोच दाब धापा टाकून 26 वर आणला, तर गुणोत्तर 15 च्या वर जाते आणि पीएच 7.29 च्या आसपास राहतो. म्हणजे त्या बाई अख्खी रात्र श्वासाने आम्लाशी झुंजत होत्या. फुफ्फुसे धड होती, म्हणून 98.

उपचार सलाईन, इन्सुलिन आणि पोटॅशियमवर बारीक लक्ष. आजारपणात जेवण सुटले तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी, हे मी मुलाकडून दोनदा वदवून घेतले.

धाप कमी झाली म्हणजे बरे वाटले, असे घरच्यांना वाटते. थकूनही श्वास मंदावतो, आणि ते जास्त भयंकर. म्हणून मी आकड्याबरोबर बोलणे ऐकते. पहाटे मोजले, 22. बाईंनी डोळे उघडले, मुलाकडे बघून एका दमात म्हणाल्या, "पुता, मात्शी पेज दी रे."