भिंतीवरची पिशवी-अळी

पुण्यातल्या घरांत मोरीच्या भिंतीवर, माळ्यावर किंवा कपाटामागे चुन्याच्या पोपड्यासारखी चपटी पिशवी ओढत सरकणारी अळी. टिनिइडी कुलातील एका लहान पतंगाची ही बाल्यावस्था होय. बोलण्यात हिलाही ‘कसर’ म्हणतात; पण पुस्तकांतली चंदेरी कसर जन्मभर बिनपंखीच असते, तिचा पतंग होत नाही.

प्रजाती फेरिओएका, जातीविषयी मात्र घोळ आहे. रेबेल यांनी १८९२ मध्ये अल्युटेला, तर वॉल्सिंगहॅम यांनी १८९७ मध्ये युटेरेला या जातीचे वर्णन केले. छायाचित्रांखाली बहुधा युटेरेला हेच नाव पडते. तिच्या नोंदी मुख्यतः अमेरिका खंडातील आहेत. अल्युटेलाच्या नोंदींत भारत व श्रीलंका येतात, म्हणून इकडच्या नमुन्यांना तेच नाव अधिक सयुक्तिक वाटते. खात्री जननेंद्रियांच्या तपासणीनेच होते. पतंग करडा असून पुढच्या पंखांवर जास्तीत जास्त चार गडद ठिपके असतात. पंखविस्तार मादीत १०–१३ मिमी., नरात ७–९ मिमी.; नराचे ठिपके पुसट असतात. कपड्यांच्या पतंगाच्या (टिनिया पेलिओनेला) पंखांवरही ठिपके असतात, तेव्हा पिशवी पाहणे श्रेयस्कर: त्याची नळीसारखी व धाग्यांची, हिची चपटी व वाळूमातीची.

अळी आधी रेशमाची कमान विणून तिच्यात वाळू, रंगाचे कण, केस गुंफते आणि कडा वाढवत नळी पुरी करते. पुरी वाढलेली पिशवी ८–१४ मिमी. लांब, ३–५ मिमी. रुंद. मध्यभाग रुंद असल्याने अळी आतल्या आत वळते व कोणत्याही टोकातून डोके काढते. पुढच्या तीन वलयांवर गडद कठीण पट्ट असतात, मागचे अंग पांढरट; चालताना तेवढा पुढचा भागच बाहेर दिसतो.

मादी सुमारे २०० अंडी कचऱ्यात, फटीत चिकटवते. पनामात केलेल्या व १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अंडी फुटायला दहाहून अधिक दिवस, अळीला सुमारे ५० व कोशाला ११–२३ दिवस लागतात. पुण्यासाठी हे आकडे अंदाजापुरतेच घ्यावेत.

मुख्य खाद्य कोळिष्टके. लोकर व केसही चालतात, सुती कापड नाही. त्यामुळे घोंगडी-स्वेटर जपावेत. पिशवीमुळे फवारा अळीपर्यंत नीट पोचत नाही. जळमटे काढणे, ओल मोडणे आणि पिशव्या वेचणे हाच खरा उपाय. पिशवीच्या टोकातून कोशाची साल अर्धी बाहेर आलेली असेल, तर पतंग उडून गेलेला असतो.