कापरेकरांच्या आधीचा ६१७४

कागदावर १९०५ लिहा. अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी केली, उरले ९३५१. त्यालाही तोच न्याय: ९५३१ वजा १३५९, म्हणजे ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च. चारही अंक सारखे नसतील, तर कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत इथे येऊन अडकते. (पुढे शून्य आलं तर ते खोडायचं नाही, एवढंच पथ्य.)

१९०५ हे द. रा. कापरेकरांचं जन्मवर्ष. डहाणूत जन्मलेले, देवळालीत शिक्षकी करणारे कापरेकर. १९४९ साली त्यांना हा आकडा सापडला. सापडला, की त्यांनी घडवला?

घडवला म्हणणाऱ्यांकडे एक पक्का मुद्दा आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो, ते बहुधा बोटं दहा म्हणून. एकाच हाताच्या बोटांवर, पाचाच्या पटीत मोजणारे लोक असते, तर त्यांच्या लिखाणात ३०३२ असाच स्वतःपाशी परतला असता: ३३२० वजा ०२३३. करून बघा, फक्त हातचा घेताना दहाऐवजी पाच घ्या. म्हणजे ६१७४ची जादू निम्मी आपल्या बोटांची.

उरलेली निम्मी मात्र कोणाच्याच हातात नाही. दहाची पद्धत एकदा पत्करली, की कापरेकरांनी मनात आणलं असतं तरी तिथे ६१७५ आला नसता. आणि तेरा खडे घ्या. एकेकट्याची लांबलचक ओळ सोडली, तर त्यांच्या सारख्या ओळी लागत नाहीत, मग तेरा कसाही लिहा किंवा लिहूच नका. माझं मत इथे ठरतं: सापडला.

डच गणिती ब्राउवर यांना हे पटलं नसतं; ते 'घडवला' म्हणणाऱ्यांतले. पाय (π) या संख्येच्या दशांश अंकांत ०१२३४५६७८९ असे ओळीने येतात का, हे त्यांचं उदाहरण. दाखवता येत नाही आणि अशक्य असल्याचं सिद्धही होत नाही, तोवर 'एक तर येतात, नाहीतर येत नाहीत' एवढंही म्हणायची त्यांची तयारी नव्हती. १९९७ साली जपानमधल्या संगणकाला ती ओळ १७ अब्जांच्याही पुढच्या जागी मिळाली. पण ब्राउवरपंथीयाचं त्याने काही अडत नाही, त्याला फक्त प्रश्न बदलावा लागतो: पायमध्ये सलग शंभर वेळा ७ येतो का? तो अजून कोणाला दिसलेला नाही.