लघुप्रतिकृती दालन

लघुप्रतिकृती दालन : इमारती, रस्ते, पूल, रेल्वे, बंदरे यांच्या एका ठरलेल्या प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृती शेजारी शेजारी मांडून केलेले प्रदर्शन. उघड्यावर असेल तर लघुनगर. मोठ्या थीम पार्कमध्ये त्याचा वेगळा विभाग असतो. खानदेशात यांतला एकही शब्द कोणी वापरत नाही. तिथे हा सरळ ‘देखावा’. गणपतीत मंडळांचे हलते देखावे असतात, पोळ्याला मातीचे बैल येतात, भादव्यापासून कोजागिरीपर्यंत मुली मातीच्या गुलाबाई-गुलोजींपुढे आरास करतात. तेव्हा लहान करून मांडलेले जग इथल्या माणसाला नवे नाही. नवे असते ते प्रमाण.

प्रमाण म्हणजे मूळ वस्तू किती पटींनी लहान केली तो आकडा. १:२५ असेल तर १७० सेंमी उंचीचा माणूस ६.८ सेंमीचा होतो, १:८७ मध्ये जेमतेम २ सेंमीचा. हे गणित त्रैराशिकाचे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसराशी भास्कराचार्यांचे (जन्म १११४) नाव जोडलेले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख पाटणला आहे. त्यांच्या ‘लीलावती’त त्रैराशिकातल्या तीन राशींची नावे प्रमाण, फल आणि इच्छा अशी आहेत. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की हवे ते उत्तर. चाळीसगावच्या पोराला हे दालन समजावून सांगायला याहून दूर जायची गरज नाही.

लांबी २० पट घटली की क्षेत्रफळ ४०० पट आणि घनफळ ८००० पट घटते. पण काही गोष्टी लहान व्हायला तयारच नसतात. पाण्याचा थेंब, धूर, ज्योत यांचा आकार प्रतिकृतीसाठी बदलत नाही. म्हणून चिमुकल्या धबधब्याचे पाणी गळक्या नळासारखे दिसते आणि बघणाऱ्याची समजूत मोडते. वेगाचेही तेच. ताशी १०० किमीने जाणारी गाडी १:८७ मध्ये सेकंदाला ३२ सेंमी सरकली पाहिजे. तेवढ्या वेगाने चालवली तर पोरांना ती रेंगाळल्यासारखी वाटते. अंतर तर पाळताच येत नाही : जळगाव-भुसावळ हे २४ किमीचे अंतर १:८७ ने केले तरी सुमारे २७५ मीटर भरते. एवढे लांब दालन कोण बांधणार? म्हणून स्टेशने जवळ ओढली जातात, डोंगर त्यांच्यामध्ये घुसवला जातो, आणि गाडी बोगद्यात शिरली की बघणारा मधले अंतर आपोआप मनाशी धरून घेतो. बोगद्याची ही युक्ती बऱ्याच दालनांत सापडते.

इंग्लंडमध्ये बेकन्सफील्ड येथे रोलंड कॅलिंगहॅम या हिशेबनीसाने आपल्या बागेत मांडलेले बेकन्सकॉट १९२९ मध्ये खुले झाले; जुन्यांत जुन्या लघुनगरांत ते मोडते. हेगचे माडुरोडाम (१९५२, प्रमाण १:२५) हे मात्र एक स्मारक आहे. जॉर्ज माडुरो हा नाझींविरुद्ध लढलेला तरुण १९४५ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत वारला; त्याच्या आईवडिलांनी पैसा दिला. डेन्मार्कमध्ये बिलुंड येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या लेगोलँडमध्ये सगळे नगर प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे, साधारण १:२० प्रमाणात. दुबईच्या लेगोलँडमध्ये (२०१६) ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाची प्रतिकृती सुमारे १७ मीटरची आहे. १:२० ने ती ४१ मीटरांवर गेली असती. तिथे प्रमाणाला मुरड घालावीच लागली. हँबुर्गच्या मिनियाटुर वुंडरलँडने (२००१) रेल्वेला केंद्रस्थानी ठेवले.

भारतात प्रमाणाची फिकीर कमी. नवी मुंबईत नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये (२०१२) सात आश्चर्ये एका फेरीत बघून होतात. अशा बागांचा खरा उपयोग फोटोचा, आणि त्यात कमीपणा काही नाही. ताजमहालाच्या घुमटाला चिमटीत धरलेले मामा प्रत्येक घरातल्या मोबाइलमध्ये आहेत.

खानदेशातल्या कुटुंबांना विचारपूर्वक सुचवावे असे ठिकाण म्हणजे पुण्याच्या कोथरूडमधले जोशी लघुरेल्वे संग्रहालय. भाऊसाहेब जोशी यांच्या हौसेतून ते उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. प्रमाण १:८७. रूळ, सिग्नल, उड्डाणपूल, रोपवे, सर्कस असलेल्या एका नगरातून गाड्या फिरतात. नगर काल्पनिक आहे, हे आधी सांगून ठेवलेले बरे. नाहीतर महाराष्ट्र एक्सप्रेसने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आलेली आजी पहिल्या पाच मिनिटांत विचारतेच : “आपलं चायीसगाव कोठे शे?”

अशाच एका भेटीत प्रस्तुत नोंदकाराने पाहिलेले रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा. नातवंडे इंजिनामागे डोळे पळवत होती. आजोबा वाकून एकाच सांध्याकडे बघत होते. गाडी आली, सांधा सरकला, गाडी दुसऱ्या रुळावर गेली. “हाऊ सांधा कोन बदलस?” त्यांनी विचारले. मोटर बदलते, असे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गाडीपर्यंत तिथून हलले नाहीत. मग म्हणाले, रूळ अरुंद आहेत. ते बरोबर होते. या प्रमाणाच्या गाड्यांचे रूळ सहसा १६.५ मिमी अंतरावर असतात आणि ते युरोपातल्या १४३५ मिमी रुंदीच्या मार्गाशी जुळतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, तो ८७ ने भागला तर १९.३ मिमी येतो. तीन मिलिमीटरांपेक्षाही कमी असलेली ही तफावत त्यांनी नुसत्या नजरेने पकडली.

बटण दाबले की अमुक हलते अशी पाटी असलेल्या ठिकाणी (नाव नको) चारपैकी तीन बटणे मेलेली असतात, हाही अनुभव आहे. मुले तरी दाबत राहतात.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत खानदेशी मुलांचा आवडता विषय ठिबक सिंचनाची केळीबाग. इथे १:२० सारखे मोठे प्रमाण सोयीचे : अडीच मीटरचे झाड १२.५ सेंमीचे होते, हिरव्या क्रेप कागदाची पाने वळवता येतात, सलाइनच्या नळीला टाचणीने भोके पाडली की ठिबक तयार. १:८७ मध्ये तेच झाड ३ सेंमीलाही पोचत नाही आणि मीटरभर लांबीचा घड तांदळाच्या दोन दाण्यांएवढा उरतो. तो करायला पोरांची बोटे पुरत नाहीत.

पुण्याहून परतल्यावर घरात एखादी चावीची आगगाडी येतेच. पुढच्या गणपतीत तिचे रूळ आराशीत, मखराभोवती गोल मांडले जातात. गणपतीपुढचा उंदीर इंजिनापेक्षा मोठा असतो, मोदक डब्यापेक्षा मोठा, आणि गाडी दर फेरीला उंदराच्या शेपटीला घासून रुळावरून उतरते.